कुठेतरी पाणी मुरतंय

माझा स्वभाव संशयी आहे आणि मी तो लपवत नाही. दूध दोनदा हुंगल्याशिवाय चहात घालत नाही. दाराला कुलूप लावलं की ओढून बघते, आणि रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन पुन्हा ओढून बघायला परत येते. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मला पोळायचीसुद्धा गरज पडली नाही, मी जन्मल्यापासून फुंकतेच आहे. आमचे हे नेमके याच्या उलट. नाकासमोर चालणारा माणूस, आणि समोरचाही नाकासमोरच चालत असणार अशी ठाम समजूत. दुकानदाराने वजन सांगितलं, ते खरं. पाहुणा म्हणाला पोट भरलं, तेही खरं. लग्न ठरत होतं तेव्हा मी आईला म्हटलं होतं, "मुलगा इतका सरळ कसा? कुठेतरी पाणी मुरतंय." आई म्हणाली, "मुरू दे. तू आहेस ना उपसायला."

ह्यांचा धंदा कवळ्या करण्याचा. दात कोरून पोट भरत नाही असं लोक म्हणतात. आमचं गेली कित्येक वर्षं दात कोरूनच भरतंय. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचा साचा घेऊन पाठवतात, हे त्यावर मेणाच्या हिरड्या उभ्या करतात, त्यात एकेक दात बसवतात, आणि पक्की कवळी तयार झाली की मी तिला चाकावर धरून झिलई देते. कामाची खोली तळ्याच्या काठावर, तिच्या मागे आमचं स्वयंपाकघर, मधे एकच दार. घरात शिरणाऱ्याला आधी फळीवर हसणाऱ्या कवळ्या दिसतात आणि मग आम्ही दोघं.

हात मात्र ह्यांचा खरा. कुणाचीही कवळी करायची झाली की हे त्या माणसाचा जुना फोटो मागवतात. पुढचा एखादा दात वाकडा असेल तर तो तसाच वाकडा बसवतात. एक म्हातारे तर कवळी घालून आरशात बघताच रडायला लागले, म्हणाले, हा मीच. हे त्यांच्याबरोबर रडले. मी मात्र म्हाताऱ्यांनी पैसे न देताच कवळी खिशात घातली नाही ना, इकडे लक्ष ठेवून होते. घरात एकाने तरी ते ठेवायला हवं.

तळं मोठं आहे. पलीकडच्या काठाला एक गाव आणि त्या गावात डॉक्टरीणबाईंचा दवाखाना. आमचं निम्मं काम तिथून येतं. आता कवळी म्हणजे काही चप्पल नव्हे, की घातली आणि निघाले. पहिल्यांदा ती कुठेतरी टोचतेच. मग घासायची, पुन्हा न्यायची, पुन्हा घालून बघायची. रस्ता तळ्याला वळसा घालून डोंगरातून जातो, त्यात अर्धा दिवस मोडतो. लाँच आहे, पण ती तिच्या मर्जीने सुटते. या येण्याजाण्याला हे कंटाळले होते, आणि कंटाळलेल्या माणसाला वेड लावायला मिस्त्री टपूनच बसला होता.

मिस्त्री म्हणजे होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा ह्यांचा बालमित्र. त्याने कुठून तरी एक मोडकं विमान आणलं. विमान कसलं, अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या, वर कापडाचे पंख, शेजारी शेजारी दोन खुर्च्या, डोक्यामागे इंजिन, आणि चाकांच्या जागी दोन लांबट पोकळ डबे, ज्यांना हे दोघं फ्लोट म्हणतात. छप्पर नाही, दार नाही. सगळ्याचं मिळून वजन मिस्त्रीच्या घरच्या चार माणसांएवढं, अर्थात त्याच्या घरची माणसं खात्यापित्या घरची आहेत. पंखांचं कापड माझ्या शिवणयंत्रावर शिवलं गेलं. शिवण मीच घातली, कारण ह्यांनी घातलेली शिवण मी उसवून बघितली होती.

दोघं रीतसर शिकून आले, परवाने आणले. परवान्यावरच्या फोटोत मिस्त्री स्वतःच घाबरलेला दिसतो.

"ती आज छान उठली," पहिल्या दिवशी हे घरी येऊन म्हणाले.

"ती कोण?"

"ती गं. आपली."

"विमान ते असतं. ते म्हणा."

"पाण्यावर आहे तोवर होडीच ना? मग ती."

"आणि वर गेल्यावर?"

"वर गेल्यावर काय म्हणायचं ते तू एकदा वर आलीस की सांगतो."

मी गेले नाही. पण खोटं कशाला बोलू, त्या वस्तूने आमचा धंदा सावरला. साधं पेट्रोल लागतं, स्कूटरला लागतं तेच. विमानतळ नको, धावपट्टी नको, जिथे पाणी तिथे अंगण. सकाळी चहा झाला की हे डब्यात कवळ्या भरून निघायचे आणि मी भांडी आवरेपर्यंत पलीकडे पोचलेले असायचे. इंजिन बंद पडलं तर काय, असं मी विचारलं की म्हणायचे, "अगं खाली सगळं तळंच आहे, कुठेही बसेन." पाऊस असला, वारा जास्त असला की मात्र हे बिचारे खिडकीशी. तेव्हा ह्यांचं तोंड बघवत नसे.

आणि आनंद! पन्नाशी उलटलेला माणूस, पण उडून आला की जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढायचा. खालून बदकं कशी दिसतात, तळ्याच्या तळाशी बुडालेला जुना बांध वरून कसा दिसतो, लाँचवरची माणसं हात कशी हलवतात, सगळं जेवताना सांगायचे. मी ऐकायचे, आणि इतक्या आनंदाची किंमत कधीतरी कुणीतरी मागणार, असं माझ्या मनात यायचं.

म्हणून मी माझ्या परीने बंदोबस्त केला. फ्लोटमध्ये थोडं पाणी मुरतंच. वरच्या झाकणातून हातपंपाने ते उपसून काढावं लागतं, नाहीतर एक पाय जड होतो. एका सकाळी हे म्हणाले, "कालच तर उपसलं." मी म्हटलं, "काल तर जेवलाही होतात." त्या दिवसापासून पंप माझ्याकडे आला. पेट्रोलच्या टाकीच्या तळाशी पाणी साठलं नाही ना, हे बाटलीत थोडं काढून बघायचं असतं. तेही मीच बघायला लागले. मिस्त्री एकदा म्हणाला, "वहिनी, विमानाला तुमच्यासारखंच माणूस लागतं." ती स्तुती होती की टोमणा, हे मला अजून कळलेलं नाही.

धक्क्यावर उभी राहून मी ह्यांचं प्रत्येक उतरणं बघितलंय. त्यात एक गोष्ट शिकले. लोकांना वाटतं पाणी शांत, आरशासारखं असलं की उतरायला सोपं. साफ चूक. तसल्या पाण्याला हे दोघं काच म्हणतात. काचेत आभाळच दिसतं, पाणी कुठे सुरू होतं ते डोळ्याला कळत नाही. पाच हात वर आहोत की पन्नास, अंदाज येत नाही, आणि माणूस एकतर पाण्यात घुसतो नाहीतर हवेतच बसायला जातो. म्हणून काचेवर उतरायची रीत वेगळी. काठाच्या कडेकडेने यायचं, इंजिन थोडं चालू ठेवायचं, नाक एकदा स्थिर केलं की हलवायचं नाही, आणि पाणी आपल्या पायाला लागेपर्यंत नुसतं थांबायचं. त्याला अर्धं तळं लागतं. लाटा असल्या की ही भानगड नाही, हे टपकन बदकासारखे बसायचे.

मग यंदा हळूहळू ह्यांचं काहीतरी बिघडलं.

पहिला गॉगल आला. पन्नाशीच्या पुढच्या माणसाने अचानक काळा गॉगल घेतला तर बायकोने काय समजायचं? "ऊन लागतं," हे म्हणाले. ऊन काय यंदाच निघालं? मग डब्यात एकही कवळी नसताना पलीकडे फेऱ्या सुरू झाल्या. "बाईंना जरा विचारायचं होतं," एवढंच. उशिरा यायचे, आणि आल्यावर बदकांचं काही नाही, बांधाचं काही नाही, मुकाट्याने जेवायचे. मी उजव्या हाताला बसते. पूर्वी बसल्या बसल्या माझ्याशी बोलायचे, आता बोलायचं झालं की अख्खं तोंड वळवायचे, आणि बहुतेकदा बोलायचेच नाहीत. माणूस नजर चुकवतो म्हणजे काय करतो, ते मला ताटावर दिसत होतं.

कामही बिघडलं. डॉक्टरीणबाईंकडून एक कवळी परत आली, दात आतबाहेर बसलेले. ह्यांची कवळी परत! चहा ओतताना धार कपाच्या बाहेर. मी म्हटलं, लक्ष कुठे आहे? हे म्हणाले, हात म्हातारा झाला. हात म्हातारा आणि गॉगल तरणा, हे मला जमेना.

शेवटी फोन कानावर आला. मी दाराच्या अलीकडे होते, म्हणजे उभीच होते, ऐकायला म्हणून नव्हे. अगदी खरं सांगायचं तर ऐकायलाच. हे हळू आवाजात म्हणत होते, "नाही बाई, घरी अजून बोललो नाही. बोललो की सगळं थांबेल."

डॉक्टरीणबाईंना मी कधी बघितलं नव्हतं. आवाज फोनवर ऐकला होता, गोड होता, आणि गोड आवाजाचा मला तेव्हाच संशय यायला हवा होता. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, हे ज्या घरात दातच करतात त्या घरातल्या बाईला इतक्या उशिरा कळावं, याचा मला जास्त राग आला. रडूही आलं. तेही सांगून टाकते.

संध्याकाळी दोघं कामाला बसलो होतो. मी झिलईचं चाक बंद केलं.

"तुमची नजर बदललीय," मी म्हटलं.

ह्यांच्या हातातली मेणाची सुरी खाली पडली. चोराच्या मनात चांदणं.

"तुला कसं कळलं?"

"बायकोला कळतं. कधीपासून?"

"पाच-सहा महिने झाले असतील. आधी वाटलं, होईल आपोआप ठीक."

"आपोआप! आणि डॉक्टरीणबाई?"

"त्यांनीच तर पहिल्यांदा ओळखलं. मी डबा द्यायला हात पुढे केला, आणि त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. फार चांगल्या आहेत गं बाई. खूप आधार दिला त्यांनी."

"आधार."

"तुझ्यापासून लपवायचं नव्हतं मला. पण तुला सांगितलं असतं तर तू सगळं बंद केलं असतंस."

"केलंच असतं! कुठली बायको चालू ठेवील?"

"म्हणूनच नाही बोललो," हे म्हणाले आणि सुरी शोधायला टेबलाखाली वाकले. सुरी बुटाजवळच होती. तरी हे चाचपडत राहिले, आणि मला वाटलं वेळ काढताहेत.

"उद्या मी येतेय पलीकडे," मी म्हटलं. "तुमच्याबरोबर. विमानातून."

खरं तर रस्त्याने जाता आलं असतं. पण अर्धा दिवस बसमध्ये बसून माझा राग शिळा झाला असता.

सकाळी मी रोजच्यासारखे फ्लोट उपसले, पेट्रोल बघितलं. नवरा हातचा जात असला तरी बुडून जाऊ नये, एवढं मला कळतं. मग वजनाची वेळ आली. या विमानात कोण किती वजनाचं हे आधी ठरवावं लागतं, त्यावर पेट्रोल किती घ्यायचं ते ठरतं. हे स्वतःच्या खिशातल्या किल्ल्यासुद्धा घरी ठेवून जातात. "तुझं किती?" ह्यांनी विचारलं. मी खरं होतं त्याहून दहा किलो कमी सांगितलं. त्या बाईंच्या कानावर माझा खरा आकडा जावा असं मला वाटत नव्हतं. ह्यांनी मान डोलावली आणि तेवढं धरून पेट्रोल भरलं.

इंजिन सुरू झालं. विमान आधी डबक्यातून निघणाऱ्या म्हशीसारखं नाक वर करून पाणी ढकलत राहिलं. पाणी तोंडावर, गळ्यात. काठ सरकत होता, पण आमचं उठायचं नाव नाही. पुढे लाँचचा धक्का दिसायला लागला तशी माझी पाचावर धारण बसली.

"दहा किलो जास्त आहे मी!" मी ओरडले.

"काय?"

"दहा! दहा धरा!"

"तरी म्हटलं आज हिला झालंय काय!" हे ओरडले आणि हसत सुटले. "मी मघापासून इंजिनाला शिव्या देतोय!" त्यांनी इंजिन कमी केलं, वळून परत मागे गेलो, आणि वाऱ्याच्या तोंडावर लांब धाव घेतली. या वेळी नाक खाली आलं, फ्लोट पाण्यावर वरवर उडत चालले, खालून तडतड आवाज, आणि मग तो आवाजच थांबला.

मला वाटलं काहीतरी तुटलं. खाली बघितलं तर पाणी खाली होतं.

मी भांडायला निघाले होते. माझ्या मनात दवाखान्याच्या पायरीवर बोलायची वाक्यं तयार होती. पण आमच्या घराचं छप्पर पायाखालून गेलं, दोरीवरची माझीच साडी मला वरून दिसली, वारा पदरात शिरला, आणि मी हसले. आपल्याला हसू येतंय याचा संताप येत होता आणि तरी येत होतं. बुडालेला बांध खरंच दिसत होता, हिरव्या पाण्यात आखल्यासारखा. लाँचवरच्या लोकांनी हात हलवले, आणि मी, चारचौघांत कधी मोठ्याने न बोलणारी बाई, दोन्ही हात हलवले. या माणसाने हे सुख इतकी वर्षं जेवताना मला वाढलं आणि मी त्यात खडे शोधत बसले, असं वाटलं. लगेच असंही वाटलं, की हेच सुख आता तो दुसऱ्या कुणाला वाढतोय.

पलीकडचा काठ आला. वारा होता, तळ्यावर चांगल्या लाटा होत्या. आता टपकन बसणार म्हणून मी खुर्ची घट्ट धरली.

पण हे बसले नाहीत. काठाच्या कडेला गेले. नाक स्थिर केलं. इंजिन थोडं चालू ठेवलं. आणि पाण्याकडे न बघता, समोर झाडांकडे नजर लावून, नुसते थांबून राहिले. अर्धं तळं सरलं तेव्हा कुठे फ्लोट लाटांना लागले.

इंजिन बंद झालं. विमान पाण्यावर डुलत होतं. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे समोर बघत होते आणि मी ह्यांच्या उजव्या हाताला बसले होते.

"लाटा आहेत," मी म्हटलं.

"हो."

"लाटांवर काचेसारखं का उतरलात?"

मी हात वर केला आणि ह्यांच्या उजव्या कानशिलाजवळ बोटं हलवली. ह्यांची पापणीही हलली नाही.

"नजर," मी म्हटलं. "तुम्ही काल ह्या नजरेबद्दल बोलत होतात."

"मग तू कुठल्या?"

मला आधी काय वाटलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. मला आधी हायसं वाटलं. बाई नाही. नवरा आपलाच आहे. आणि ते हायसं पुरतं खाली उतरायच्या आत कळलं, की आपलाच नवरा गेले पाच-सहा महिने एका डोळ्याने, पाणी किती खाली आहे ते न दिसता, रोज आभाळातून उतरतोय, आणि मी धक्क्यावर उभी राहून गॉगलचा विचार करतेय.

ह्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. उजव्या डोळ्याच्या मागे रक्त अडलं, मधोमध काळा डाग बसला, कडेचंही जवळपास गेलं. गेलेली नजर परत येणार नाही, डावा डोळा चांगला आहे. डॉक्टरीणबाईंनी ओळखलं, त्यांच्या गावच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं, फेऱ्या त्याच्यासाठी, गॉगलही त्याच्यासाठीच. एका डोळ्याला खोली कळत नाही. म्हणून दात आतबाहेर, म्हणून चहा बाहेर.

"आणि म्हणून काच," हे म्हणाले. "काचेवर दोन डोळेही आंधळेच असतात. मग ती रीत मी रोजचीच केली. जागा लांब हवी, एवढंच. आजवर एकदाही चुकलो नाही."

"मला का नाही सांगितलंत? उडणं बंद करीन म्हणून?"

"ते होतंच." ह्यांनी अख्खं तोंड माझ्याकडे वळवलं. "पण खरं सांगू? तुला एकदा शंका आली ना, की मला माझाच भरवसा राहत नाही. तू कुलूप ओढून बघतेस तेव्हा मलाही वाटायला लागतं, मी लावलंच नसेल. उतरताना मला ते परवडत नाही गं. तिथे आपण बरोबर आहोत असं धरून नुसतं थांबावं लागतं. तू धक्क्यावरून बघतेयस आणि तुला माहीत आहे, असं असतं तर मी कधीतरी खाली बघितलं असतं."

मला खूप राग आला. फ्लोट उपसणारी मी, पेट्रोल बघणारी मी, माझ्या संशयामुळे हा माणूस जिवंत आहे असं मी समजत होते. त्याच संशयाला भिऊन त्याने आपला डोळा माझ्यापासून लपवला होता.

डॉक्टरीणबाई धक्क्यावर आल्या. दिसायला चांगल्याच होत्या, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. "बरं झालं तुम्ही आलात," त्या म्हणाल्या, "मी त्यांना सारखी म्हणत होते, घरी सांगा." माझी तयार वाक्यं मी गिळली. तरी बोलताना एकदा त्यांच्या चेहऱ्याकडे आणि एकदा ह्यांच्या चेहऱ्याकडे बघून घेतलंच. सवय जात नाही.

त्यांच्याकडे चहा झाला. जेवण झालं. निघायच्या वेळेला वारा पडला. धक्क्यावर आलो तर तळं काच झालं होतं, ढग खाली आणि ढग वर.

"बस आहे अजून," बाई म्हणाल्या.

हे माझ्याकडे बघत होते. बसने गेलो असतो तर सुखरूप पोचलो असतो, आणि मला पक्कं माहीत होतं की मग हे पुन्हा कधी त्या खुर्चीत बसले नसते. मी शंका बोलून दाखवायचीही गरज नव्हती, बसच्या दिशेने एक पाऊल पुरे होतं. एका बाजूला माझी जन्मभर साठवलेली सगळी भीती होती. दुसऱ्या बाजूला हा माणूस, जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढणारा.

"पंप द्या इकडे," मी म्हटलं.

दोन्ही फ्लोट पुन्हा उपसले. झाकणं हाताने दाबून बघितली, मग पुन्हा दाबून बघितली. पेट्रोल बाटलीत काढून उन्हात धरलं. "हे बघा," मी म्हटलं, "संशय घ्यायचा तो मी इथे, जमिनीवर घेणार, हवा तेवढा. उजवीकडे कोण येतंय ते वर गेल्यावर मी बघणार. रोज. मी नाही तर उडणं नाही. पण उतरताना मी एक शब्द बोलणार नाही."

"एकही?"

"एकही."

काचेचं पाणी चिकट असतं, सोडत नाही. ह्यांनी आधी तळ्यात एक गोल फेरी मारून आपल्याच लाटा केल्या, मग त्यांच्यावरून धावत एका बाजूचा फ्लोट आधी उचलला आणि मग दुसरा. वर गेलो. येताना मी हसले नाही. उजवीकडे बघत होते. "होडी आहे, लांब आहे," "आता मोकळं," असं सांगत होते, आणि हे मान डोलावत होते.

आपला काठ आला. ह्यांनी नाक स्थिर केलं.

खाली आभाळ होतं. ढगात ढग, झाडाखाली उलटं झाड, पाणी कुठेच नव्हतं. आपण किती वर आहोत ते मला दोन डोळ्यांनीही कळेना. माझ्या आत सगळं एकदम ओरडत होतं. नाक खाली आहे. वेग जास्त आहे. काठ संपत आला. इंजिनाचा आवाज बदलला. जन्मभर ज्या गोष्टी मी दोनदा बघितल्या त्या सगळ्या एकदम पुढे आल्या आणि म्हणाल्या, बोल. मी जीभ दातांखाली धरली. हात मांडीवर ठेवले. ह्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही, कारण माझं बघणं ह्यांना कळलं असतं. काठ सरकत राहिला. आमचं घर गेलं. मिस्त्रीची शेड गेली. अजून पाणी आलं नाही. मी थांबले.

मग खालून रेशीम फाटल्यासारखा आवाज झाला, आणि आम्ही तळ्यावर होतो.

धक्क्याला लागलो. मी दोरी बांधली. गाठ ओढून बघणार होते, हात मागे घेतला. हे खुर्चीतच बसले होते, पाठीला शर्ट चिकटलेला.

"घाबरलीस?" ह्यांनी विचारलं.

"छे," मी म्हटलं. "अजिबात नाही."

ह्यांनी अख्खं तोंड वळवलं आणि डाव्या डोळ्याने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझं एक वाक्य या माणसाने कधी तपासून घेतलं नव्हतं.

"खोटं बोलतेयस," हे म्हणाले.